कोडिंग टूल्सवरचे एआयने लिहिलेले लेख वाचून हाती काही का लागत नाही

कर्सर घेऊ, कोपायलट घेऊ की क्लॉड कोड? कोड लिहायला मदत करणाऱ्या या एआय टूल्सपैकी कुठलं, हे कोड लिहिणारं जवळपास प्रत्येक जण सध्या कधी ना कधी विचारतंय, आणि उत्तर शोधायला नेटवर गेलं की समोर येणारे बरेचसे लेख एकाच साच्यातून काढलेले असतात. आधी एक परिच्छेद की सॉफ्टवेअरचं जग झपाट्याने बदलतंय, मग दहा टूल्सची यादी, प्रत्येकाखाली चार फायदे आणि दोन तोटे, मग एक तक्ता, आणि शेवटी 'आपल्या गरजेनुसार योग्य टूल निवडा'. अहो, माझ्या गरजेला कुठलं योग्य हेच तर बघायला आलो होतो! वेळ गेला, टॅब बंद केला, दुसरा लेख उघडला तर तिथेही तेच, फक्त टूल्सचा क्रम बदललेला.

यावर कोणी चिडलं की त्याला ऐकवलं जातं, तुम्हाला एआयचाच राग आहे, तुम्ही जुन्या वळणाचे. मला हे अजिबात पटत नाही, कारण चिडणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतः रोज ही टूल्स वापरतात, कोड एआयकडून लिहून घेतात, त्याचे पैसेही भरतात. त्यांची तक्रार अशी आहे की टूल वापरलेल्या माणसाने काहीतरी सांगावं म्हणून आपण लेख उघडतो आणि आत जो मजकूर असतो तो लिहिताना कोणी ते टूल उघडूनसुद्धा पाहिलेलं नसतं. एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून प्रवासवर्णन लिहावं तसं, गावांची नावं बरोबर, वेळा गेल्या वर्षीच्या, आणि गाडीत कोणी बसलंच नव्हतं. असं का होतं आणि वाचताना ते कसं ओळखायचं हे जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन शिकणाऱ्या मुलांचा वेळ आणि पैसा दोन्ही यात जातोय.

हा मजकूर तयार कसा होतो

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय यांच्या आत जे भाषेचं मॉडेल असतं ते मुळात एकच काम करतं, आतापर्यंतचा मजकूर बघून पुढे कुठला शब्द किंवा शब्दाचा तुकडा यायची शक्यता जास्त आहे ते ठरवतं आणि असं एकेक करत पुढे जातं. ट्रेनिंगच्या वेळी प्रचंड मजकूर वाचलेला असतो त्यामुळे जी गोष्ट हजार ठिकाणी लिहिलीय ती त्याला पक्की येते. बबल सॉर्ट (आकडे क्रमाने लावायची एक सोपी पद्धत) कसा चालतो विचारा, छान सांगेल. पण एखादं टूल तीन लाख ओळींच्या जुन्या जावा प्रोजेक्टवर चालवल्यावर काय झालं ही गोष्ट ज्या कुणाला दिसली त्यालाच ठाऊक असते, ती हजार ठिकाणी लिहिलेली नसते. आणि टूल निवडताना नेमकी तीच गोष्ट आपल्याला हवी असते. म्हणजे मॉडेलची ताकद जिथे आहे तिथे आपली गरज नाही आणि आपली गरज जिथे आहे तिथे मॉडेलकडे काहीच नाही, मग ती जागा ते मोघम वाक्यांनी भरून काढतं, 'उत्पादकता वाढते', 'वेळ वाचतो', 'नवशिक्यांपासून तज्ज्ञांपर्यंत सर्वांना उपयुक्त'. यातलं एकही वाक्य खोटं म्हणून पकडता येत नाही, पण त्यावरून काही ठरवताही येत नाही.

दुसरी अडचण तारखेची. मॉडेलचं ट्रेनिंग एका तारखेला थांबतं आणि त्यानंतरचं जग त्याला आपोआप कळत नाही. जीपीटी-४ मार्च २०२३ मध्ये आलं तेव्हा त्याचा बहुतेक ट्रेनिंग मजकूर सप्टेंबर २०२१ पर्यंतचा होता, म्हणजे स्वतः चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये बाहेर आलं हेसुद्धा त्याला त्या मजकुरातून कळायची सोय नव्हती. आता मॉडेल्सना वेब सर्च जोडलेला असतो हे खरं, पण सर्च करून सापडतं काय तर कंपनीचं स्वतःचं जाहिरातीचं पान आणि आधी तयार झालेले असेच लेख. त्यातून पुन्हा एक लेख, उद्या तोही सर्चमध्ये, परवा कुणीतरी त्यावरून आणखी एक.

हे करण्यामागे पैसा आहे, त्यात गुपित काही नाही. असल्या यादीतल्या लिंकवरून तुम्ही सबस्क्रिप्शन घेतलंत की बऱ्याच साईट्सना कमिशन मिळतं, किंवा पानावरच्या जाहिरातींचे पैसे मिळतात. पूर्वी दोन हजार शब्द लिहायला माणसाचे एक-दोन दिवस जायचे म्हणून निदान संख्येला मर्यादा होती, आता तो मजकूर काही मिनिटांत तयार होतो. वाचणाऱ्याला मात्र तेवढाच वेळ लागतो, आणि त्यातलं खरं-खोटं तपासायचं तर त्याहून कितीतरी जास्त. लिहिणाऱ्याने वाचवलेला वेळ वाचकाच्या खिशातून जातो, आणि माझ्या मते लोकांचा खरा संताप इथून येतो, तोंडाने कुणी तसं म्हणो न म्हणो. गुगलने मार्च २०२४ मध्ये नियम केला की सर्चमध्ये वर यायला घाऊक मजकूर ओतणं हा स्पॅम धरला जाईल, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने. नियम चांगला आहे, पण पूर आटलाय असं वाटत नाही.

सीनेटचं प्रकरण इथे आठवण्यासारखं आहे. टेक बातम्यांची जुनी, नावाजलेली साईट. त्यांनी पैशांविषयीचे ७७ लेख एआय वापरून काढले होते, जानेवारी २०२३ मध्ये ते उघडकीला आल्यावर तपासणी झाली आणि त्यातल्या ४१ लेखांमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात चक्रवाढ व्याज समजावताना दहा हजार डॉलर ३ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १०,३०० डॉलर 'मिळतील' असं लिहिलं होतं, मिळतात ३००. आता चक्रवाढ व्याजाचं सूत्र काही दर महिन्याला बदलत नाही. कोडिंग टूल्सचं मात्र अक्षरशः महिन्याला बदलतं, मग तिथे काय होत असेल?

नावं बदलली, लेख तसेच

कोडेक्स हे नाव घ्या. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२१ मध्ये कोडेक्स नावाचं मॉडेल काढलं, कोड लिहिण्यासाठी खास तयार केलेलं, आणि जून २०२१ मध्ये गिटहब या कोड साठवायच्या साईटचं कोपायलट चाचणीपुरतं (प्रिव्ह्यू) म्हणून आलं ते याच कोडेक्सवर. मग मार्च २०२३ मध्ये ओपनएआयने ते जुनं मॉडेल बंद केलं. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारं एक टूल आणलं आणि मे २०२५ मध्ये क्लाउडवर स्वतंत्रपणे काम करणारा एजंट आणला, दोन्हींचं नाव पुन्हा कोडेक्स! म्हणजे एकाच नावाच्या दोन संपूर्ण वेगळ्या वस्तू, एक मेलेली आणि एक जिवंत. मॉडेलच्या वाचनात या दोन्हींबद्दलचा मजकूर एकत्र पडलेला, त्यामुळे लेखात एका ओळीत 'कोडेक्स हे जीपीटी-३ वर आधारलेलं मॉडेल आहे' आणि पुढच्याच ओळीत 'कोडेक्स तुमच्यासाठी पुल रिक्वेस्ट (कोडमधले बदल मंजुरीला पाठवायची विनंती) तयार करतं' असं येऊ शकतं. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी, एकत्र आली की घोळ. नव्या माणसाला हा घोळ दिसणारच नाही, त्याला वाटेल असंच असतं.

असं एकच नाव नाहीये. अॅमेझॉनचं कोडव्हिस्परर एप्रिल २०२४ मध्ये अॅमेझॉन क्यू डेव्हलपरमध्ये मिसळलं गेलं. गुगलचं ड्युएट एआय त्याच महिन्यात जेमिनाय कोड असिस्ट झालं. कोडियम कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये विंडसर्फ नावाचा एडिटर काढला आणि एप्रिल २०२५ मध्ये कंपनीचंच नाव विंडसर्फ करून टाकलं, मग जुलै २०२५ मध्ये तिचे सीईओ गुगलकडे गेले आणि उरलेली कंपनी कॉग्निशनने घेतली. काइट नावाचं एक टूल होतं, त्याच्या संस्थापकाने २०२२ मध्येच जाहीर निरोप घेतला. यादीचा लेख उघडलात की ही नावं शोधा. कोडियम आणि विंडसर्फ दोन वेगळ्या नंबरांवर असतील, किंवा कोडव्हिस्परर आणि क्यू डेव्हलपर शेजारी शेजारी बसलेले असतील, तर सरळ समजा की लिहिताना एकही टूल कुणी इन्स्टॉल केलेलं नाही. ज्याने इन्स्टॉल करायचा प्रयत्न केला असता त्याला डाउनलोडच्या पानावरच हे कळलं असतं.

किमतींचंही तसंच. कर्सरचा वीस डॉलरचा प्लॅन म्हणजे महिन्याला मॉडेलला ५०० झटपट विनंत्या (फास्ट रिक्वेस्ट) असं बरेच दिवस होतं. जून २०२५ मध्ये त्यांनी ते बदलून वापराच्या हिशोबावर आणलं, लोकांना अनपेक्षित बिलं आली, आरडाओरडा झाला, आणि जुलैच्या सुरुवातीला कंपनीने माफी मागून त्या काळातले जादा पैसे परत करायचं कबूल केलं. यातून शिकण्यासारखं म्हणजे एजंटला मोठं काम दिलं की तो मागे किती टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं ते शब्दांचे तुकडे) खातो त्यावर बिल ठरतं, आणि ते महिनाभर वापरल्याशिवाय कळत नाही. लेखात मात्र 'किंमत: महिना वीस डॉलर' एवढंच. वीस डॉलर म्हणजे २०२५ च्या दराने सतराशे-अठराशे रुपये आणि वर जीएसटी, पहिल्या नोकरीतल्या किंवा नोकरी शोधणाऱ्या पोरासाठी हे पैसे थोडे नाहीत. आणि गिटहबचा विद्यार्थ्यांसाठी एक पॅक आहे, त्यात कॉलेजची पडताळणी झालेल्या विद्यार्थ्याला कोपायलट फुकट मिळत आलंय, ही सांगली-नांदेडच्या इंजिनीअरिंगच्या मुलाच्या सगळ्यात कामाची गोष्ट असल्या यादीत क्वचितच दिसते.

'हे टूल चांगलं आहे' म्हणजे नेमकं काय

'कोडिंग असिस्टंट' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली ऑटोकम्प्लीट, तुम्ही टाइप करताय आणि पुढची ओळ पुसट अक्षरात दिसते, टॅब दाबला की घेतली, २०२१ चं कोपायलट म्हणजे हे. दुसरी चॅट, बाजूला खिडकी, प्रश्न विचारा, उत्तर कॉपी करा. तिसरी एजंट, त्याला काम सांगितलं की तो स्वतः फाइली शोधतो, बदलतो, टर्मिनलमध्ये कमांड चालवतो, टेस्ट फेल झाल्या तर एरर वाचून परत प्रयत्न करतो. क्लॉड कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रिव्ह्यू म्हणून आलं ते थेट या तिसऱ्या प्रकारातलं. आता बहुतेक टूल्स तिन्ही देतात पण कुणाचं काय चांगलं आणि काय ओढूनताणून बसवलंय हे वापरल्यावरच कळतं, आणि एआयने लिहिलेल्या तक्त्यात सगळ्यांच्या समोर बरोबरची खूण असते.

त्यात आतलं मॉडेल वेगळं आणि बाहेरचं टूल वेगळं. कर्सरमध्ये तुम्ही मॉडेल बदलू शकता, कोपायलटमध्येही ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केल्यापासून क्लॉड आणि जेमिनाय निवडता येऊ लागले. म्हणून 'कोपायलट वाईट रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची रचना सुधारणं) करतं' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न, कुठलं मॉडेल लावलं होतं? शिवाय मॉडेलला एका वेळी ठरावीक मजकूरच दाखवता येतो. लाखो ओळींचा प्रोजेक्ट त्यात मावत नाही, मग कुठल्या फाइली दाखवायच्या हे टूल ठरवतं आणि खरा फरक तिथे पडतो. टू-डू लिस्टचं छोटं अॅप सगळीच टूल्स सुंदर बनवून देतात, त्यावरून तुलना करण्यात अर्थच नाही. दहा वर्षं वेगवेगळ्या हातांतून गेलेला कोड, ज्यात एकाच कामाची तीन फंक्शनं आहेत आणि त्यातलं एकच खरं वापरात आहे, तिथे एजंट कुठलं उचलतो ते बघा. आणि एकदा बघूनही भागत नाही कारण मॉडेलच्या उत्तरात थोडी यादृच्छिकता असते, तेच काम त्याच शब्दांत पुन्हा दिलं तरी उत्तर वेगळं येऊ शकतं.

थोडक्यात एखाद्याच्या मताला किंमत यायची तर तारीख, व्हर्जन, मॉडेल, प्रोजेक्ट केवढा, भाषा कुठली, काम काय दिलं, कुठे फसलं, हे सगळं लागतं. आणि हे कुठलंच ट्रेनिंगच्या मजकुरातून उचलून आणता येत नाही, ते घडावं लागतं.

त्या ५५ टक्क्यांची गोष्ट

हा आकडा तुम्ही शंभर वेळा वाचला असेल, 'एआयमुळे डेव्हलपर ५५ टक्के वेगाने काम करतात'. आकडा बनावट नाही, तो आला कुठून ते बघा. २०२२ मध्ये गिटहबने एक प्रयोग जाहीर केला, म्हणजे कोपायलट विकणाऱ्या कंपनीनेच. ९५ प्रोफेशनल डेव्हलपर घेतले, दोन गट केले, दोघांना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर (ब्राउझरला वेबपानं पुरवणारा प्रोग्रॅम) लिहायला सांगितला. कोपायलटवाल्यांना सरासरी १ तास ११ मिनिटं लागली, बाकीच्यांना २ तास ४१ मिनिटं. प्रयोग व्यवस्थित होता. पण काम बघा ना, कोरी फाइल, एकटा माणूस, नेटवर हजारो ठिकाणी उदाहरण असलेला विषय. आपल्यातले किती जण सोमवारी सकाळी ऑफिसला जाऊन कोऱ्या फाइलीत एचटीटीपी सर्व्हर लिहितात? मॉडेल मात्र आकडा उचलतं आणि संदर्भ वाटेत गळतो, कारण आकडा हजार ठिकाणी लिहिलेला आहे आणि अटी थोड्याच ठिकाणी.

आता दुसरा प्रयोग बघा. जुलै २०२५ मध्ये मीटर (METR) नावाच्या संशोधन संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. १६ अनुभवी ओपन सोर्स (सगळ्यांना खुला असलेला कोड लिहिणारे) डेव्हलपर, स्वतःच्याच प्रोजेक्टमधली २४६ खरी कामं, प्रोजेक्ट असे की त्यावर त्यांची सरासरी पाच वर्षं गेलेली. प्रत्येक कामासाठी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं की यात एआय वापरायला परवानगी आहे की नाही. परवानगी असली तर बहुतेक जण कर्सर आणि त्यात क्लॉड ३.५ किंवा ३.७ सॉनेट वापरत होते. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्के वाचेल. प्रत्यक्षात एआय असताना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सगळं संपल्यावरसुद्धा त्यांना वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला! म्हणजे माणूस स्वतः वापरून, स्वतःच्या कोडवर, तरी त्याचा अंदाज उलट्या दिशेला गेला. अभ्यास करणाऱ्यांनीच स्पष्ट सांगितलंय की हे सगळ्या डेव्हलपरना लागू धरू नका, हे खूप अनुभवी लोक होते, ओळखीचा कोड होता, आणि टूल्स त्या वेळची होती.

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत. नवीन कोड, ओळखीचा नमुना, कमी अनुभव, तिथे फायदा जास्त. जुना मोठा कोड आणि तो कोळून प्यायलेला माणूस, तिथे एआयचं काम तपासण्यातच वेळ जाऊ शकतो. इतकी उपयोगी गोष्ट आहे ही! हिंजवडीतला पंधरा वर्षं एकच बँकिंग सिस्टीम सांभाळणारा माणूस आणि कालच रिअॅक्ट शिकायला लागलेली मुलगी, दोघांना वेगळा सल्ला द्यायला हवा हे यातून थेट निघतं. एआयने लिहिलेल्या लेखात दोघांना तेच ५५ टक्के वाचायला मिळतात. प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांची साईट स्टॅक ओव्हरफ्लो, तिच्या २०२५ च्या सर्व्हेत ८४ टक्के लोक एआय टूल्स वापरतात किंवा वापरायचं म्हणतात, पण उत्तरांच्या अचूकपणावर अविश्वास दाखवणारे ४६ टक्के आणि विश्वास दाखवणारे ३३ टक्के. सगळ्यात मोठी तक्रार कुठली, तर उत्तर जवळजवळ बरोबर असतं पण पूर्ण बरोबर नसतं. हे लेखांनाही तंतोतंत लागू पडतं.

नुसता वेळ जात नाही, धोकाही आहे

असल्या लेखांत सेटअपच्या कमांड असतात, सेटिंगची नावं असतात, 'हे पॅकेज इन्स्टॉल करा' असतं (पॅकेज म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड). मॉडेल पुढचा संभाव्य शब्द निवडतं म्हटलं ना, मग जे नाव असायला हवं असं वाटतं ते नाव ते लिहून मोकळं होतं, ते असो वा नसो. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी १६ मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने तयार करून घेतले आणि सुचवलेली पॅकेजेस तपासली, तर १९.७ टक्के पॅकेजेस अस्तित्वातच नव्हती. दोन लाखांवर वेगवेगळी बनावट नावं निघाली. पैसे देऊन वापरायच्या मॉडेल्समध्ये प्रमाण बरंच कमी होतं, पण शून्य नव्हतं. आणि यातली बरीच नावं पुन्हा विचारलं तरी तीच येत होती, हे जास्त भीतीदायक, कारण मग एखादा चोर तेच नाव घेऊन खरंच एक पॅकेज टाकून ठेवू शकतो, आत हवा तो कोड घालून. तुम्ही लेखातली ओळ कॉपी करून एंटर मारलात की झालं. म्हणून कुठल्याही लेखातली इन्स्टॉलची कमांड चालवायच्या आधी ते नाव पायपीआय किंवा एनपीएम या पॅकेजेसच्या साठ्यांवर स्वतः बघा, कोणी टाकलंय, केव्हापासून आहे, मूळ कोड ठेवलेली जागा (रिपॉझिटरी) कुठली. याला दोन मिनिटं लागतात.

स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटी आल्यानंतर आठवड्याभरातच, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याची उत्तरं टाकायला बंदी केली होती ती याच कारणाने, उत्तरं चुकतात पुष्कळ आणि दिसतात मात्र बरोबर, आणि तपासणारे स्वयंसेवक मोजके.

पण म्हणून कुणावरही बोट दाखवू नका

या रागातून एक वाईट सवय लागतेय, कुठलाही नीटनेटका इंग्रजी लेख दिसला की 'एआयने लिहिलाय' म्हणून उडवून लावायचं. हे आपल्याकडच्या लोकांवर जास्त अन्याय करतं. मराठी शाळेतून शिकून नोकरीत इंग्रजी लिहायला लागलेला माणूस जरा औपचारिकच लिहितो, ठरावीक शब्दरचना वापरतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एआय ओळखणारी सात टूल्स तपासली, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी मशीनचे ठरवले. ओपनएआयने स्वतःचं असं टूल काढलं होतं, अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्यामुळे शैलीवरून निदान करू नका. कुणी स्वतः महिनाभर टूल वापरलं, टिपणं काढली, आणि इंग्रजी सुधारायला एआयची मदत घेतली, तर तो लेख माझ्यासाठी सोन्यासारखा आहे. उलट एखाद्या माणसाने स्वतःच्या हाताने टाइप केलेला पण टूल न उघडता लिहिलेला लेख तितकाच निकामी.

मी स्वतः असे लेख वाचताना आधी तळाशी जातो. तारीख आहे का, व्हर्जन आणि मॉडेलचं नाव आहे का. मग स्क्रीनशॉट, कंपनीच्या पानावरून उचललेला की स्वतःच्या कोडचा. मग शोधतो की टूल कुठे चुकलं हे एका ठिकाणी तरी नेमकं लिहिलंय का, 'कधीकधी चुकू शकतं' असं नको, कुठल्या फाइलीत काय केलं ते हवं. हे नसेल तर पुढचं वाचत नाही. त्याऐवजी टूलचा चेंजलॉग (कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची नोंद) वाचतो, त्याच्या गिटहबवरच्या उघड्या तक्रारी बघतो, तिथे लोक वैतागून का होईना पण खरं सांगत असतात. आणि शेवटी दोन टूल्सचे फुकटचे प्लॅन घेऊन आपल्याच प्रोजेक्टमधला एक जुना, सुटलेला बग दोघांना देतो, उत्तर आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे कोण कुठे भरकटलं ते लगेच दिसतं. यादीचे दहा लेख वाचण्यापेक्षा हे लवकर होतं. फक्त ऑफिसचा कोड असेल तर आधी कंपनीची परवानगी बघा, तो बाहेरच्या सर्व्हरवर जातो.

आणि ज्यांनी वापरलंय त्यांना माझी मनापासून विनंती आहे, मराठीत लिहा, तोडकंमोडकं लिहा, पण लिहा. स्प्रिंग बूटचा जुना प्रोजेक्ट होता, जावा ८, एजंटला सांगितलं टेस्ट पास कर, त्याने कोड दुरुस्त करायच्या ऐवजी टेस्टमधली अपेक्षाच बदलून टाकली, मग नियमांच्या फाइलीत लिहिलं की टेस्टला हात लावायचा नाही, पुढे बरं चाललं, महिन्याचं बिल अमुक आलं. असं एवढं जरी कुणी लिहिलं तरी जावा ८ वर अडकलेला कुणीतरी ते शोधत येईल आणि त्याची संध्याकाळ वाचेल.